ट्रंकेतला लेस्टॅट : एका पावसाळ्याच्या प्रकल्प नोंदी

२५ मे २०२५, रविवार

पाऊस आला. मे संपायच्या आत. काल केरळात पोचल्याची बातमी आणि आज इथे शिरोड्यात सकाळपासून धो धो, कोणाचीच तयारी नाही, लोकांचे आंबे अजून झाडावर, आमची लाकडं अजून पडवीच्या बाहेर. माळ्यावर कौल गळत होतं म्हणून प्लास्टिक घेऊन चढले तर पाण्याची धार बरोब्बर माझ्या ट्रंकेवर. मुंबई सोडून २०११ला परत आले तेव्हा आणलेली पत्र्याची ट्रंक, त्यानंतर दोनदा उघडली असेल फार तर. आत अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइसची व्हॅम्पायर क्रॉनिकल्स, लेस्टॅट आणि त्याच्यासारख्या रक्त पिणाऱ्यांच्या कादंबऱ्यांची मालिका. दहा पुस्तकं.

गेल्याच आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आलेला. मावशी तू व्हॅम्पायरची ती सिरीज वाचायचीस ना, मी टीव्हीवरची बघितली दोन्ही सीझन, आता मला पुस्तकं पाहिजेत, गणपतीला येईन तेव्हा नेते. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ शिलाई मशीनवर नुसती बसून राहिले. एके काळी ज्या मैत्रिणीशिवाय दिवस जायचा नाही आणि मग काही भांडण न होता जिच्याशी बोलणंच थांबलं, तिचं नाव अचानक कोणी घ्यावं तसं झालं.

ट्रंक खाली आणली. झाकण उघडल्यावर ओल्या गोणपाटाचा वास.

म्हणून हा प्रकल्प. गणपती २७ ऑगस्टला. तोपर्यंत पुस्तकं वाचवायची आणि मी स्वतः पहिल्यापासून परत वाचायची. दुकानातल्या मापाच्या वहीत मागच्या बाजूने नोंदी लिहिणार.

२६ मे

नुकसान बघितलं. 'मेरिक' आणि 'ब्लॅकवूड फार्म' गेली, वाळवीने आतून बोगदे केलेत, हातात घेतल्यावर मातीसारखी सुटली. 'मेमनॉक'चं कव्हर गेलंय, आतलं ठीक. 'क्वीन ऑफ द डॅम्ड'ला बुरशी, हिरवट-काळे ठिपके, पण फक्त कडांना. 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' कसरीने खाल्लंय, पानांच्या कडा लेस लावल्यासारख्या झाल्यात. 'द व्हॅम्पायर लेस्टॅट'ची पाठ तुटून तीन तुकडे. ते कसरीने नाही, मीच वाचून वाचून तोडलेलं, १९९९ ते २००३ मध्ये सहा-सात वेळा तरी वाचलं असेल. बाकीची फुगलीत पण धड आहेत.

ही सगळी फोर्टातल्या फुटपाथवरची, सेकंडहँड. फ्लोरा फाउंटनच्या तिथे पुस्तकवाले बसायचे ना ओळीने, शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं आणि मी डबा पण तिथेच कुठेतरी उभ्याने खायची. ओळीने कधी मिळाली नाहीत. दुसरं आधी मिळालं, मग चौथं, मग पहिलं. सिनेमा मात्र आधीच केबलवर बघितलेला, १९९४चा तो, टॉम क्रूझचा.

२८ मे

वाळवण. ऊन नाही त्यामुळे साठवणीच्या खोलीत १०० वॅटचा बल्ब लावून, टेबलफॅन लांबून, आणि प्रत्येक दहा-बारा पानांमध्ये खाकी कागद. पॅटर्न काढायचा कागद माझ्याकडे रोल भरून आहे, तो पाणी छान ओढतो. वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उतरते. कागद सकाळ-संध्याकाळ बदलायचे. बुरशीला आत्ता हात लावायचा नाही, ओली असताना पुसली तर ती कागदात आणखी आत जाते, पूर्ण वाळू दे मग ब्रशने झटकायची, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, पापड घातलंस काय गो पुस्तकांचे.

१ जून, रविवार

आजपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढून झाप घालून ठेवल्या. शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन असल्यामुळे मला मात्र श्वास घ्यायला वेळ नाही, पण रात्री दहानंतरचा वेळ माझा.

पहिलं पुस्तक सुरू केलं. सॅन फ्रान्सिस्कोतली खोली, टेप रेकॉर्डर घेऊन बसलेला मुलगा आणि खिडकीशी त्याला आपली गोष्ट सांगणारा व्हॅम्पायर लुई. १७९१, न्यू ऑर्लिन्सजवळ निळीचा मळा, भावाच्या मृत्यूने खचलेला पंचवीस वर्षांचा जमीनदार आणि मग लेस्टॅट येतो. भीती होती की कंटाळा येईल. चाळीस पानं वाचली. कंटाळा नाही आला पण ते पूर्वीचं काही झालंही नाही, पूर्वी छातीत धडधडायचं. वाक्यं सुंदर आहेत हे दिसतंय, लांबून दिसतंय.

४ जून

वाचन नाही. ६२ पिनाफोर.

९ जून

क्लॉडिया आली. पाच वर्षांची मुलगी, तिला व्हॅम्पायर करतात आणि मग ती कधीच मोठी होत नाही, आतून बाई होते आणि हात बाहुलीएवढे. तेव्हा मला ही फक्त भारी कल्पना वाटायची. आता माहिती आहे की अ‍ॅन राइसची मुलगी मिशेल ल्युकेमियाने गेली, १९७२ साली, सहावा वाढदिवस व्हायच्या आत, आणि त्या दुःखात बाईने ही कादंबरी लिहिली, १९७६ला आली. रक्ताचा आजार आणि रक्तावर जगणारं पोर. हे कळल्यावर ती पानं भरभर वाचताच येत नाहीत. पॅरिसमध्ये क्लॉडिया उन्हात जळते तिथे मी पुस्तक बंद करून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

टीव्हीवरच्या सिरीजमध्ये तिला चौदा वर्षांची केलीय, भाची म्हणाली. लुई काळा, आणि सुरुवात १९१०ची. ते पण चांगलं असेल, बघीन कधीतरी. पण पाच ते पाचच.

१२ जून

पहिलं संपलं. दुरुस्ती पण झाली. कसरीने खाल्लेल्या कडांना काही करता येत नाही, फक्त पाठ मजबूत केली.

खळ घरीच केली. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद, जुने बाइंडर घालायचे तसं, म्हणजे परत कसर लागत नाही. मोरचूद विषारी म्हणून भांडं वेगळं, त्यावर खडूने फुली मारून ठेवलीय.

१५ जून, रविवार

'द व्हॅम्पायर लेस्टॅट'. हे काम मी मुद्दाम रविवारी घेतलं.

तीन तुकडे एकत्र करून कडा ठोकून सारख्या केल्या, दोन फळ्यांमध्ये घट्ट बांधले, पाठीवरचा जुना वाळलेला गोंद खरवडला, तो काचेसारखा तडतडत निघतो. मग हॅकसॉ ब्लेडने पाठीला आडव्या पाच खाचा, जेमतेम दोन मिलिमीटरच्या. त्यात मेण लावलेला दोरा बसवायचा, वरून फेविकॉल, आणि सगळ्यावर बकरमची पट्टी. कॉलरला घालायचं तेच बकरम. पुस्तकांच्या बांधणीला बकरमच वापरतात हे मला इतकी वर्षं बकरम कापत असून माहीत नव्हतं! मग रात्रभर पाट्याखाली. आमचा पाटा मिक्सर आल्यापासून बेकार होता.

खाचा घालताना हात थरथरला. सुरीने माणूस कापायला घेतल्यासारखं वाटतं. पण न घालता गोंद धरत नाही.

१७ जून

सोडवलं. उघडलं. धरलंय! मधोमध १८० अंशात उघडून टेबलावर ठेवलं तरी एक पान सुटलं नाही.

२१ जून

लाईट नाही, दुसरा दिवस. कुठेतरी तारेवर झाड पडलं म्हणतात. कंदिलाच्या उजेडात वाचत होते तर आई आली आणि समोर बसली, ह्या काय वाचतंस गो रोज. मी म्हटलं एक गोष्ट आहे, रक्त पिणाऱ्यांची. रगात पितत? माका सांग.

तर सांगितली. मराठीतून, म्हणजे अर्धी मालवणीतून, माझ्या शब्दांत. फ्रान्समधला एक उमराव, घर पडकं, खजिना रिकामा, बाप आंधळा, भाऊ अडाणी, आणि धाकटा लेस्टॅट एकटा जाऊन आठ लांडगे मारून येतो, येताना घोडा पण मेलेला आणि कुत्रेही मेलेले. आई म्हणाली, बापडो. मग त्याची आई, गॅब्रिएल. इटालियन बाई, त्या सगळ्या घरात लिहिता-वाचता येणारी एकटीच, दिवसभर पुस्तकात तोंड घालून बसते, कोणाशी बोलत नाही, मुलांना जवळ घेत नाही. क्षयाने मरायला टेकलेली.

आईने विचारलं, आणि रात्रीचेच भायर पडतत? हो. मगे वेतोबा पण रात्रीचोच फिरता.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं इतक्या वर्षांत! वेतोबाचं देऊळ आरवलीला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक त्याला नवीन चपला वाहतात, ह्या एवढ्या मोठ्या चामड्याच्या, आणि केळ्यांचे घड. लहानपणी मी तळ झिजलेल्या जुन्या चपला बघायला देवळात थांबून राहायची. वेतोबा म्हणजे वेताळच. आणि रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रज लेखकाने १८७०ला विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत केल्या तेव्हा वेताळाला सरळ व्हॅम्पायर म्हणून टाकलं, पुस्तकाच्या नावातच. मी मुंबईत फुटपाथवर उभी राहून परदेशी भूत विकत घेत होते आणि घरी आमचा स्वतःचा उभा होता.

पण वेगळे आहेत ते. मला वाटतं, म्हणजे आज कंदिलाशी बसून वाटलं, की वेतोबाला गाव आहे. त्याला नवस आहे, कौल आहे, कोणाला सर्दी झाली तरी त्याच्याकडे जातात. अ‍ॅन राइसच्या भुतांना क्रॉसने काही होत नाही, लसणाने काही होत नाही, आरशात दिसतात, फक्त ऊन आणि आग. म्हणजे देवाधर्माशी त्यांचं काही देणं-घेणंच नाही राहिलेलं, कोणी त्यांना शापही देत नाही आणि केळीही वाहत नाही. म्हणून ते इतकं बोलतात. पुस्तकं लिहितात, मुलाखती देतात. ऐकणारं कोणीतरी हवं म्हणून.

आई म्हणाली, भूक लागता ह्यो तेचो दोष नाय.

२७ जून

गॅब्रिएल. आज फक्त हिच्याबद्दल.

मरायच्या आधी ती पॅरिसला लेस्टॅटकडे येते आणि तो तिला आपल्यातली करतो. आईला. आणि ती उठते ती वेगळीच बाई, एका मेलेल्या पोराचे कपडे काढून घालते, झगे फेकून देते, शहरं नको झालीत तिला, माणसं नको झालीत, तिला रानात जायचंय. आणि लांब केस कापून टाकते. दुसऱ्या संध्याकाळी जाग येते तर केस परत तेवढेच. ती किंचाळते. कारण व्हॅम्पायरचं शरीर मरताना जसं होतं तसंच रोज परत होतं. (सिनेमात हा प्रसंग क्लॉडियाला देऊन टाकलाय, तिथे शोभतो, पण आहे तो हिचा.)

विशीत मला ही बाई सहन व्हायची नाही. पोरगा एवढा जीव टाकतोय आणि ही दर वेळी आणखी लांब जाते, शेवटी ईजिप्तात त्याला म्हणते चल माझ्याबरोबर जंगलात, तो नाही म्हणतो तर खरंच एकटी निघून जाते. मी त्या पानांवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'दुष्ट'. दोनदा अधोरेखित. ते अक्षर माझंच आहे यावर विश्वास बसत नाही.

काल रात्री तेच पान वाचलं आणि मला ती दुष्ट वाटलीच नाही. तीस वर्षं एका थंड खोलीत बसून दुसऱ्यांच्या देशांबद्दल वाचत राहिलेली बाई, तिला पाय मिळाले. ती काय करेल? आणि धडधडलं. छातीत. इतक्या वर्षांनी. ज्या जागी पूर्वी कधीच नव्हतं धडधडलं तिथे.

३ जुलै

आईला तो भाग सांगितला, ती निघून जाते तो. मला वाटलं ती माझ्यासारखंच म्हणेल, पूर्वीच्या माझ्यासारखं. थोडा वेळ काही बोलली नाही, वालाचे दाणे सोलत होती. मग म्हणाली, गेली ता बरा केल्यान. जल्मभर एका खोलयेत वाचीत रवली, मगे काय करतली?

६ जुलै, आषाढी

साबुदाणा. वाचन नाही, पाच ब्लाऊज अडकलेत.

११ जुलै

तिसरं, 'क्वीन ऑफ द डॅम्ड', १९८८चं. बुरशी झटकली, डाग राहिले पण वास गेला. सगळ्या व्हॅम्पायरांचं मूळ ईजिप्तची राणी अकाशा, तिच्या जखमेतून एक आत्मा आत शिरला, अमेल, आणि मग एकातून दुसऱ्यात वेलीसारखा पसरला. जुळ्या बहिणी माहरेट आणि मेकारे. मला तेव्हाही आणि आताही यात आवडते ती माहरेट, जी सहा हजार वर्षं आपल्या मुलीच्या वंशातली प्रत्येक पिढी लिहून ठेवते, कोणाला न कळता त्यांना पैसे पोचवते, सांभाळते. रक्त पिणारी बाई आणि रक्ताची नाती जपते. मधला रॉक कॉन्सर्टचा भाग मी भरभर उलटला, त्यात आता जीव रमत नाही.

१६ जुलै

आईचा खांदा. फ्रोझन शोल्डर होताच, आता डावा हात कानापर्यंतसुद्धा जात नाही. वेणी मी घालते रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, घाईत, आणि ती दुखतं म्हणून मान वाकडी करते आणि मी सरळ बस म्हणून ओरडते. आज म्हणाली, केस काप गो माजे.

मी म्हटलं काहीतरीच काय.

१९ जुलै

परत म्हणाली. बायांचे बारीक केस बरे दिसतत टीव्हीत, माका पण काप. मी विषय बदलला. ७२ वर्षांच्या आईचे केस कापायचे म्हणजे माझ्या पोटात काहीतरी होतं. कमरेपर्यंत असायचे, अजूनही पाठीवर येतात, शेपटीएवढे का होईना.

२२ जुलै

रात्री तिने स्वतःहून सांगितलं. हे मी यापूर्वी कधीच ऐकलं नव्हतं आणि ती कंदिलाच्या दिवसांपासून हे मनात धरून असणार असं मला वाटतं, गॅब्रिएलच्या केसांचं ऐकल्यापासून.

तिची आजी, म्हणजे माझी पणजी, लहान वयात विधवा झालेली. तांबडं आलवण. दर महिन्याक न्हावी येय, आजी मागल्या दारी जावन बसा, कोणाक बघूक देय नाय. एकदा आई, सहा-सात वर्षांची असेल, केळीच्या बुंध्यामागे लपून बघत होती. आजी डोळे मिटून बसलेली आणि वस्तऱ्याचा आवाज. नंतर केरसुणीने अंगण आजीनेच झाडलं. महिन्याभरात डोक्यावर जरा कुठे काळं-पांढरं दिसायला लागलं की परत न्हावी.

मी म्हटलं आई, त्या गोष्टीत उलटं आहे, तिला कापायचेत तर परत येतात. आई म्हणाली, उलटा खय? दोघींचा आपल्या मनासारखा झाला नाय.

मला त्यावर काही बोलताच आलं नाही. वही जवळ ओढून तिचं वाक्य लगेच लिहून घेतलं.

२४ जुलै, अमावस्या

केस कापले.

दुपारी दुकान बंद करून. पडवीत खुर्ची, गळ्याभोवती अस्तराचा पांढरा तुकडा. कात्री माझी कापडाची, दहा इंची, तिला मी कधी कागदसुद्धा लावत नाही, धार जाते म्हणून दुकानात पोरींना हातही लावू देत नाही. परवाच धार लावून आणली होती. आधी वेणी घातली, नीट, सावकाश, आणि रबर लावलेल्या जागेच्या वर कात्री धरली. आवाज येतो केसांचा, रेशमाच्या कापडासारखा नाही, खरखरीत, ओलं गवत कापल्यासारखा. एका झटक्यात नाही होत, चार-पाच वेळा चावावं लागतं. मग वेणी हातात आली आणि तिला वजनच नव्हतं.

खाली मानेवर सारखे केले, कानाशी जरा तिरके. आईने आरसा मागितला. बघितला. हात वर जात नाही म्हणून उजव्या हाताने मानेवर फिरवून बघितलं, मग परत फिरवलं. वारो लागता, म्हणाली.

वेणी काय करायची विचारलं तर म्हणाली टाक. मी टाकली नाही.

२९ जुलै, नागपंचमी

पातोळ्या. हळदीची पानं शेजारून.

वाचन : 'टेल ऑफ द बॉडी थीफ', १९९२. लेस्टॅट एका चोराबरोबर शरीराची अदलाबदल करतो, त्याला दोन दिवस माणूस होऊन बघायचं असतं, आणि माणूस होताच थंडी वाजते, ताप येतो, जेवण बेचव लागतं. शेवटी शरीर परत मिळवतो. हे पूर्वी पण मजेत वाचलं, आता पण. एक कुत्रा आहे, मोजो, तो सगळ्यात चांगला.

२ ऑगस्ट

बंदी उठली, होड्या गेल्या, पण समुद्र अजून खवळलेला. श्रावण, त्यामुळे आमच्याकडे तसंही मासे नाहीत.

'मेमनॉक द डेव्हिल', १९९५. लेस्टॅटला सैतान स्वर्ग आणि नरक दाखवायला नेतो. बरेच वाचक इथेच गळतात असं तेव्हा ऐकलेलं. मी तेव्हा संपवलेलं, यावेळी निम्म्यावर सोडलं. देव आणि सैतान यांचं भांडण पानंच्या पानं चालतं आणि मला घरातलं माणूस हवं असतं. सोडायचं ठरवल्यावर बरं वाटलं. प्लॅन बदलला : नंतर आलेली तीन धरून सगळी तेरा वाचायचा हट्ट नाही, 'आर्मंड' आणि 'ब्लड अँड गोल्ड' भाचीच वाचू दे. मी 'ब्लड कँटिकल' घेणार, जिथे मी २००४ला थांबले.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

तर 'ब्लड कँटिकल'. सुरुवातीलाच लेस्टॅट वाचकांशी बोलतो. मला संत व्हायचंय म्हणतो, आणि मेमनॉकची गोष्ट मी तुमच्यासाठी आणली, तुम्ही ती नीट घेतली नाहीत, असं सुनावतो. बावीसाव्या वर्षी मला ते अंगावर ओरडल्यासारखं लागलं होतं. मी ह्याच्यासाठी डबा उभ्याने खाल्ला, आणि हा मला बोलतोय? चाळीसाव्या पानावर एसटीचं तिकीट घालून ठेवलं, ते तिथेच होतं आज, शाई उडालेलं.

आता तारखा जुळवून बघितल्या. राइसबाईचा नवरा, कवी आणि चित्रकार स्टॅन राइस, डिसेंबर २००२मध्ये गेला, ब्रेन ट्यूमरने. पुस्तक २००३चं. एकेचाळीस वर्षांचा संसार. त्याआधी १९९८ला ती चर्चमध्ये परत गेली होती, आणि या पुस्तकानंतर तिने व्हॅम्पायर सोडूनच दिले, येशूच्या आयुष्यावर लिहायला लागली. म्हणजे मी थांबले त्याच पुस्तकापाशी ती पण थांबली. मला वाटत होतं की मी तिला सोडलं, ती पण निघून गेलेली होती.

पुस्तक चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. घाईचं आहे, लेस्टॅट मधेच पोरासोरांसारखं बोलतो. पण पहिलं प्रकरण मी पूर्ण वाचलं यावेळी, आणि ओरडणं ऐकू नाही आलं.

१४ ऑगस्ट

२०१०ला तिने ख्रिश्चन धर्म सोडल्याचं जाहीर केलं, आणि २०१४ला 'प्रिन्स लेस्टॅट'. अकरा वर्षांनी. फोनवर विकत घेतलं, ब्लाऊजचे हूक लावता लावता स्क्रीन उभी करून वाचतेय. सगळे म्हातारे परत येतात. त्यांचा स्वतःचा रेडिओ चालतो, जगभरातली घाबरलेली पोरं त्यावर फोन करतात. डोक्यात एक आवाज सगळ्यांना छळतोय. पहिल्या दोन पुस्तकांची धार नाही, पात्रं फार झालीत, मी मधेच वहीच्या कोपऱ्यात नावं लिहून ठेवली. पण बाई किती आनंदाने लिहितेय! प्रत्येकाला घरी बोलावून पाटावर बसवतेय असं वाटतं, गणपतीला सगळे मुंबईहून येतात तसं.

आणि गॅब्रिएल आहे. तुर्कस्तानातल्या कपाडोकियात जमिनीखालच्या घरात, बायकांच्या सोबतीत. आईला सांगितलं, ती भेटली परत. आई म्हणाली, गावली? बरी आसा मा?

अ‍ॅन राइस ११ डिसेंबर २०२१ला गेली, ऐंशी वर्षांची. मला ते तब्बल दीड वर्षाने कळलं होतं, भाजी निवडताना फोनवर काहीतरी दुसरंच बघत असताना, आणि तेव्हा मी पुढे सरकवून दिलं होतं. आज त्याचं वाईट वाटलं.

२० ऑगस्ट

वाचन बंद. गणपतीचे कपडे, दिवसाला अठरा तास मशीन. भिंती सारवून... म्हणजे आता रंगच देतो, तो पण बाकी. शेवटची दोन पुस्तकं, २०१६ आणि २०१८ची, दिवाळीनंतर.

बांधणी सगळी झाली. आठ पुस्तकं. निळ्या बकरमच्या पाठी, वर नावं मार्करने मराठीत लिहिली. प्रत्येकात कडुनिंबाची सुकवलेली पानं. 'दुष्ट' लिहिलेलं पान तसंच ठेवलंय, खोडलं नाही, फक्त खाली आजची तारीख घातली.

२८ ऑगस्ट

काल गणपती आले. भाची परवा रात्रीच्या गाडीने. आजीचे केस बघून किंचाळली, मिठीच मारली, मग स्वतःच्या फोनवर पन्नास फोटो. पुस्तकं दाखवली तर पहिलं तिथेच पडवीत उघडून वास घेतला. मला म्हणाली मावशी मी दुसऱ्यापासून सुरू करू का, तू पण तसंच केलेलंस ना? मी म्हटलं कर.

आरतीनंतर घर झोपलं, पंधरा माणसं, सगळीकडे गाद्या. ही देवघराच्या उंबऱ्याशी समईच्या आणि फोनच्या टॉर्चच्या उजेडात बसलेली. आईला झोप येत नव्हती, ती भिंतीला धरत धरत आली आणि हिच्या शेजारी टेकली. मी माजघरातून ऐकत होते.

खय पर्यंत इलंस गो?

पॅरिस, आजी.

आणि ती? तेची आवस?

आत्ता केस कापतेय.